दोन रात्रींचा जलविहार
(द्वितीय वर्ष, कला)

गतवर्षीच्या वादविवाद स्पर्धेचा विषय आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल : 'पर्यटन – मावळाला शाप की वरदान?' मी 'शाप' ह्या बाजूने बोलले होते. वाहनांच्या रांगा, धबधब्याखाली फुटलेल्या बाटल्या, रात्री दोनपर्यंत चालणारे ध्वनिवर्धक, हे सारे मी तावातावाने मांडले आणि उत्तेजनार्थ पारितोषिकही पटकावले. पारितोषिकाचे पुस्तक घेऊन घरी पोहोचले तेव्हा आई अंगणात बसून शनिवारच्या पाहुण्यांसाठी तांदळाचे पीठ चाळीत होती. "काय बोललीस गं?" तिने विचारले. पवनेच्या काठी आमचे पंधरा तंबू आहेत आणि माझी फी त्या तंबूंतूनच येते. मी म्हटले, "असंच, काहीतरी."

त्या 'असंच काहीतरी'चा हिशेब आज द्यावयाचा आहे. कारण मधल्या काळात एक गोष्ट घडली. आजवर पाहुण्यांना पाणी आणून देणारी मी ह्या डिसेंबरात स्वतःच पाहुणी झाले, आणि तीही थेट समुद्रावर.

माझा थोरला मामा तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात पाळीवर काम करतो. पंचवीस वर्षे पुरी केलेल्या कामगारांना कारखान्याने प्रत्येकी चार माणसांचा जलविहार भेट दिला. मुंबईहून निघायचे, दोन रात्री समुद्रात काढायच्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मुंबईलाच उतरायचे. मामेभावाची परीक्षा आली, म्हणून मामाने बहिणीला विचारले. अशा रीतीने मामा, मामी, आई आणि मी अशी चौकडी जमली. आईने आधी साफ नकार दिला, कारण शनिवार-रविवार मोडणार होता. शेवटी बाबाच म्हणाले, "जा तू. काकीला बोलावून घेतो सैपाकाला. तंबू काय पळून जात न्हाईत."

आम्हा मावळकरांचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु तो अगदीच नाही असे नव्हे. समुद्रसपाटीपासून दोन हजार फूट उंचीवर, घाटमाथ्यावरच्या आपल्या लोणावळ्यात 'आय. एन. एस. शिवाजी' आहे आणि नौदलाच्या जहाजांची यंत्रे सांभाळणारे अभियंते १९४५ पासून तेथे तयार होत आहेत. त्याही आधी, १७१४ साली, दर्याचे धनी कान्होजी आंग्रे व बाळाजी विश्वनाथ यांच्यातील तह झाला तो लोणावळ्यातच. इतके असूनही आमच्या घरातील कोणी मचव्यातसुद्धा बसलेले नव्हते. लोणावळ्याहून सकाळची सिंहगड धरून आम्ही निघालो, तेव्हा आईने पिशवीत चार भाकऱ्या आणि ठेच्याची डबी टाकलीच. "बोटीवर मिळालं न्हाई तर?" बॅलार्ड पियरवरच्या तपासणीत ती पिशवी काढून घेतली गेली, त्याचे तिला पुढे दोन दिवस वाईट वाटत होते.

जहाजाचे वर्णन मी करीत बसत नाही. अकरा-बारा मजल्यांची एक इमारत पाण्यावर आडवी ठेवली आहे अशी कल्पना करावी म्हणजे झाले. मला सांगायचे आहे ते वेगळेच. जहाजावर पाऊल ठेवताच सर्वात आधी काय झाले असेल तर आमची मोजदाद. प्रत्येकाच्या हाती त्याच्या छायाचित्राशी जोडलेले एक कार्ड आले. त्यानंतर जहाज सुटण्यापूर्वी भोंगा झाला. सात आखूड, एक लांब. सर्वांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचे, जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे ते पाहायचे, आपली नाव कोणती ते ऐकायचे. आमच्या तुकडीचा आकडा एकाने कमी भरला. कोणी एक आजोबा खोलीत झोपून राहिले होते. त्यांना शोधून आणीपर्यंत आम्हा कोणालाही हलू दिले नाही. "पैसे भरून शाळेत आलो की काय!" असे एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, आणि पुष्कळजण हसले. मीही हसले. मग मला एकदम मे महिन्यातील आमच्या काठावरची एक रात्र आठवली आणि हसू ओसरले. त्या रात्रीविषयी पुढे लिहीत आहे.

ही मोजणी कोणा कप्तानाची हौस नव्हे. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाले, त्यानंतर समुद्रावरील जीवरक्षणाचे आंतरराष्ट्रीय नियम झाले. तरीही प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांच्या आत कवायत घेतली की चालत असे. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळून कलंडले व ३२ माणसे गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हापासून नियम बदलला : जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत झालीच पाहिजे. मग गृहस्थ हसोत की रुसोत.

आता आनंदाच्या गोष्टी सांगते, कारण त्या लपविणे कृतघ्नपणाचे होईल. दुसऱ्या दिवशी पहाटे आई सवयीने साडेचारला उठली. पण उठून करायचे काय? चूल नाही, झाडलोट नाही, गोठा नाही. ती खाटेवर बसून राहिली. मग मला हलवून म्हणाली, "चल, वर जाऊ." डेकवर आम्ही दोघी आणि फरशी पुसणारा एक मुलगा, इतकेच. चारी बाजूंना पाणी. दूर मासेमारी नौकांचे दिवे एकेक करून विझत होते. मग एका बाजूला आभाळ तांबूस झाले. तो पूर्वेचा किनारा, म्हणजे आपला सह्याद्री, हे मी आईला सांगितले. किनारा दिसत नव्हताच. ती बराच वेळ तिकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हंजी आपलं घर तिकडं." आपल्या माणसाने आपल्या घराकडे इतक्या लांबून, इतक्या निवांतपणे पाहावे, हा एकच लाभ घेतला तरी त्या सहलीचे चीज झाले असे मला वाटते. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात आईला कोणी ताट वाढून समोर आणून दिल्याचे मला तरी आठवत नाही, लग्नकार्याची पंगत सोडल्यास. पहिल्या दिवशी जेवण होताच ती आमची चौघांची ताटे एकावर एक रचून उठली आणि 'मोरी कुठाय' म्हणून पाहू लागली. वाढणाऱ्या मुलाने हसून ताटे घेतली. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. मान खाली घालून बसली, पण बसली.

"दोन दिवसांची ही कसली चैन? श्रीमंतांचे चोचले," असे आपल्यातले काही मित्र म्हणतात. त्यांना मी हे ताट आठवण्याची विनंती करीन. विश्रांतीची इच्छा ही चूक नव्हे. माझ्या भाषणात ती मी चूक ठरविली होती.

आणि आता माझी स्वतःची फजिती. त्याच दुपारी मी मागवलेला चहा जरा उशिरा आला व कोमट निघाला. "हे काय, गार चहा? बदलून आणा!" माझ्या तोंडून निघालेला तो सूर मला ओळखीचा वाटला. पंधरा तंबूंपैकी कोणत्या ना कोणत्या तंबूतून दर शनिवारी तो ऐकू येतो. आई काही बोलली नाही. मुलगा कप घेऊन गेल्यावर एवढेच म्हणाली, "आपल्याकडं बी असंच म्हंत्यात." पाहुणा व्हायला एक दिवससुद्धा लागत नाही!

तो मुलगा गुहागरच्या बाजूचा निघाला. मराठी ऐकून थोडा वेळ बोलत थांबला. घरापासून आठ-नऊ महिने दूर, रोज त्याच पाण्यावर. समुद्राकडे पाहावयास त्याला सवड होत नाही. मात्र त्याने एक गोष्ट सांगितली. ती मी नंतर ग्रंथालयात तपासून पाहिली. जहाजावरील कामगारांसाठी २००६ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात विश्रांतीची किमान मर्यादा ठरलेली आहे : चोवीस तासांत दहा तास, सात दिवसांत सत्त्याहत्तर तास. तो करार प्रत्येक जहाजावर कसा पाळला जातो हा भाग निराळा. पण निदान कागदावर आकडा आहे. मी आईच्या शनिवाराचा हिशेब करून पाहिला. पहाटे साडेचारला ती उठते, शेवटचा पाहुणा शेकोटीवरून उठतो रात्री दोनच्या पुढे, आणि रविवारी सातला पोह्यांची मागणी येते. चोवीस तासांत साडेतीन-चार तास. घरच्याच धंद्यात राबणाऱ्या आईला दहा तासांची विश्रांती द्या, असे कोणता करार सांगणार?

उणेही पुष्कळ होते. मामीला बोट लागली ती पहिल्या रात्रीपासून. बिचारीने सारी सहल लिंबू हुंगत पलंगावर काढली. आमची खोली आतल्या बाजूची, खिडकी नसलेली. दिवा मालवला की दिवस की रात्र ते कळत नसे. भेट म्हणून मिळालेल्या सहलीत पाण्याच्या बाटलीपासून दूरध्वनीच्या जोडणीपर्यंत प्रत्येक गोष्टीला वेगळे पैसे पडत होते, आणि मामा दर वेळी पाकीट काढण्याआधी आईकडे चोरून पाहत होता. पोहण्याच्या हौदाशी जे संगीत चालले होते ते आणि पवनेकाठचे संगीत ह्यांत मला काडीचा फरक आढळला नाही. माणसे एवढ्या मोठ्या समुद्रावर येऊन त्याच्याकडे पाठ करून नाचत होती. पण ह्या सगळ्याहून मोठी उणीव वेगळी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने विचारले, "आता गाव कोंचं लागंल?" कोणतेच नाही, मी सांगितले. बोट नुसती फिरते आणि परत जाते. "मग आपन गेलो कुठं?" ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

एके काळी ह्याच पाण्यावरून मुंबईच्या आगबोटी कोकणात जात. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत त्या पणजी गाठीत. पुष्कळ ठिकाणी बोट दूर उभी राही आणि पोरेबाळे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून उतरविल्या जात. बोट तेव्हाही लागत असे, दाटी तर विचारूच नका. पण प्रत्येक बंदरावर कोणाची तरी वाट पाहणारे कोणी तरी उभे असे. त्या फेऱ्या बंद पडल्या, १९९८ पासून कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली. २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' नावाचे जहाज मुंबई–गोवा सुरू झाले होते. ती फेरीही आज नाही. आता उरले आहे ते बंदर नसलेले जहाज. आगबोट गाठोडी नेत होती, जलविहार कंटाळा नेतो. हे वाक्य जरा भाषणी झाले आहे, ह्याची मला कल्पना आहे.

जुन्या आगबोटींचा मी एवढा कैवार घेते आहे, पण त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ वादळात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आणि हे केवळ जुन्या काळचे म्हणून सोडून देता येत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' ह्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान नौका धडकली, १५ जणांचा जीव गेला. धडकेचा दोष तिचा नव्हता, परंतु परवानगी ८४ प्रवाशांची असताना तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती, आणि जाकिटे बहुतेकांच्या अंगावर नव्हती. एकाच बंदरातून एकीकडे झोपलेले आजोबा सापडेपर्यंत न सुटणारे जहाज निघते, आणि दुसरीकडे 'चला, अजून दोघं मावतील' म्हणणारी बोटही निघते.

आपले मावळ ह्यांपैकी कोणत्या बोटीसारखे आहे, हे सांगण्याची गरज आहे काय?

३० जून २०२४, रविवार. रेल्वेने पूर्वी वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेल्या भुशी धरणाच्या मागे, जंगलातल्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. १५ जून २०२५, पुन्हा रविवार. कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला. चार जण गेले, पन्नासाहून अधिक जखमी झाले. तो पूल धोकादायक असल्याचे आधीच ठरलेले होते. फलकही होता. भुशीनंतर बंदीचे आदेश निघाले, कुंडमळ्यानंतरही निघाले. बंदी घालणे सोपे असते. ती लावून यंत्रणा मोकळी होते आणि मागच्या पायवाटेने, आपल्याच गावच्या एखाद्या पोराला पन्नास रुपये देऊन, माणसे त्याच धबधब्याशी पोहोचतात. कोणी फलक वाचला आणि कोणी नाही, हे फलकाला कळत नाही. पुलावर त्या क्षणी किती माणसे आहेत हे सांगणारा एक माणूस जर टोकाशी उभा असता! माझे म्हणणे एवढेच आहे की आपल्याला बंदी नको, मोजणी हवी. धबधबा असो, धरणाचा काठ असो वा पूल, एका वेळी किती माणसे, हे ठरलेले असावे, आणि आत गेलेला प्रत्येकजण बाहेर आला की नाही हे कोणाला तरी ठाऊक असावे. जहाजावर जे दीड-दोन हजार माणसांचे जमते ते पंधरा तंबूंचे का जमू नये?

पंधरा तंबूंचे जमत नाही, हे मला माहीत आहे. आता ती मे महिन्यातील रात्र सांगते. शनिवार होता. तंबू पंधरा असताना बाबांनी त्या दिवशी बावीस कुटुंबे घेतली होती. उरलेल्यांना अंगणात व ओसरीवर जागा दिली. हप्ता थकला होता. रात्री एकच्या सुमारास एका बाईंनी हंबरडा फोडला. त्यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा दिसेना. सारे काठाकडे धावले. विजेऱ्यांचे झोत पाण्यावर फिरू लागले, गावातली पोहणारी पोरे आली. कोणी म्हणे, आमचाही एक दिसत नाही. कोणी म्हणे, तो मघाशीच गाडी घेऊन गेला. एकूण किती माणसे आली होती, हे कोणालाच सांगता येईना. बाबांनाही नाही, आईलाही नाही, मलाही नाही. भाकऱ्या किती लागल्या ते आईला ठाऊक होते, माणसे किती ते नाही. माझ्या आजोबांची जमीन ह्याच धरणाखाली गेलेली आहे. त्या पाण्यात एक परके पोर शोधताना बाबा छातीपर्यंत आत गेले होते. पाऊण तासाने मुलगा एका मोटारीच्या मागच्या आसनावर, चादरीखाली, झोपलेला सापडला.

ती बाई नंतर रडत बाबांच्या पाया पडू लागली. बाबा मागे सरले. त्यांना ते सहन झाले नाही, कारण दोष कोणाचा होता हे त्यांना माहीत होते. सकाळी पोहे झाले, मंडळी गेली, आणि त्या रात्रीविषयी आम्ही घरात पुन्हा एकदाही बोललो नाही. माझ्या वादविवादाच्या भाषणातही ती नव्हती. फुटलेल्या बाटल्या होत्या.

जहाजावरून परतल्यावर मी बाबांना वहीची कल्पना सांगितली. आलेल्या प्रत्येकाचे नाव लिहायचे, रात्री अकराला एकदा मोजायचे, पंधरा तंबूंत पंचेचाळीसहून जास्त घ्यायचे नाहीत, आणि अकरानंतर चूल बंद. बाबांचा आक्षेप मी प्रामाणिकपणे नोंदवते, कारण त्याचे पुरते उत्तर माझ्याजवळ नाही. "पन्नासावा मानूस मी परत धाडला तर तो घरी जानार हाय का? शेजारच्याकडं जाईल. त्याचं पोट भरंल, माझा हप्ता ऱ्हाईल." हे खरे आहे. एकट्याने मोजणे म्हणजे एकट्याने तोटा सोसणे. म्हणून काठावरच्या सगळ्यांनी मिळून, ग्रामपंचायतीच्या एकाच वहीत, हे केले पाहिजे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी काठावरचा प्लास्टिकचा कचरा वेचतो. यंदा एक शनिवार-रविवार, कचरा नंतर वेचू, आधी माणसे मोजू या. कोणत्या काठावर किती आली, किती परत गेली, एवढेच. भूगोलाच्या सरांना मी विचारले आहे. ते नाही म्हणालेले नाहीत.

आमच्याकडची वही जानेवारीपासून सुरू आहे. पहिले दोन शनिवार बाबांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. मागच्या शनिवारी रात्री साडेआठला फाटकाशी एक मोटार थांबली, आत पाचजण. बाबा फाटकातूनच ओरडले, "वहीत किती झालं गं?" मी म्हटले, "चव्वेचाळीस." ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी हात हलवून गाडी मागे घ्यायला सांगितले. दिवे वळले आणि शंभर पावलांवर शेजारच्या फाटकात शिरले.

आई ओसरीवर भाकरी थापीत होती. तिने वर पाहिले आणि काटवटीतले पीठ थोडे डब्यात परत टाकले.